ऐष : एका वाचकाची शंका

सोमवार, ३ फेब्रुवारी

कोशकार्यालय, शंकानिरसन विभाग यांस,

तुमच्या कोशाच्या शेवटच्या पानावर छापलं आहे, की वाचकांनी शब्दांबद्दलच्या शंका पोस्टाने कळवाव्यात, प्रत्येक पत्राला उत्तर दिलं जाईल. मी तुमची नेमाने वाचणारी वाचक नाही. खरं सांगायचं तर कोश मी आजवर फक्त उचलून खालची धूळ पुसायला हातात घेतला आहे. पण शंका खरी आहे, तेव्हा उत्तर द्यावं लागेल.

शब्द आहे 'ऐष'. अर्थ काय, आणि आला कुठून?

शब्द कुठे ऐकला तेही लिहावं, असं तुम्ही म्हणता. तर ऐका. तुमच्याच विभागात या शंकांना उत्तरं लिहिणारी एक बाई आहे. वय एक्केचाळीस, नाकाच्या शेंड्यावर राग, केस कायम पेन्सिलीने वर खोचलेले. ती माझी मुलगी. तिचे वडील चार वर्षं अंथरुणाला खिळून होते, गेल्या वर्षी गेले. त्या चार वर्षांत तिने एकही सुट्टी स्वतःसाठी घेतली नाही. शनिवार आला की बसने माझ्याकडे, सोमवारी पहाटेच्या बसने परत कामावर. ते गेल्यावर तिने मला आपल्या घरी नेलं. मागची खोली रंगवून घेतली, नवे पडदे लावले, पलंगाशेजारी एक घंटा ठेवली, मला काही लागलं तर वाजवायला. मी थोडे दिवस राहिले आणि मग सांगितलं, की मी परत जाते. एक खोली भाड्याने बघून ठेवली आहे, तिथे एकटी राहणार आहे.

तेव्हा ती जिन्यात उभी राहून म्हणाली, "तुला माझी गरजच नाही. तुला एकटीला ऐष करायची आहे. कर! परत येशील तेव्हाच तुझ्याशी बोलेन."

शब्द तिथे ऐकला. वरच्या मजल्यावरच्यांनीही ऐकला असावा.

तेव्हापासून ती फोन उचलत नाही. फोन लागत नाही असं मी लिहिणार नाही. लागतो, भरपूर वाजतो. पण नोकरीला लागली तेव्हा हीच मुलगी मला मिरवून सांगायची, की आमच्याकडचं एकही पत्र कधी बिनउत्तराचं राहिलेलं नाही. म्हणून हा मार्ग.

तुमच्या नियमावर भरवसा ठेवून,
एक वाचक
(तुझी आई)


मंगळवार, ११ फेब्रुवारी
(कार्ड)

महोदया,
आपली शंका मिळाली. ऐष : सुखोपभोग, चैन, मौजमजा. बोलण्यात पुष्कळदा नापसंतीचा सूर. मूळ शब्द अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आला.
कोशाविषयी आस्था दाखवल्याबद्दल आभार.
शंकानिरसन विभाग


शनिवार, १५ फेब्रुवारी

महोदया,

तूच तसं सुरू केलंस, म्हणून मीही. जन्मात मला कोणी महोदया म्हटलं नव्हतं, तुझ्या आजीने तर नाहीच नाही. कार्ड खालच्या फ्रेमवाल्या बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अहो, सरकारी दिसतंय." मी म्हटलं, "सरकारी नाही, रुसलेलं आहे."

फ्रेमवाल्या बाई म्हणजे माझ्या घरमालकीण. तळमजल्यावर चित्रांना, फोटोंना चौकटी बसवून द्यायचं त्यांचं दुकान आहे आणि वर माझी खोली. दिवसभर करवतीचा नाहीतर चुका ठोकण्याचा आवाज येतो, जिन्यात सरसाचा वास असतो. बाई तोंडाने फटकळ आहेत. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "मी चौकशी करायला वर येणार नाही, तुम्ही गप्पा मारायला खाली येऊ नका." दोघींनी आठवडाभर पाळलं. मग मीच मोडलं.

तू विचारलेलं नाहीस तरी खोलीचं सांगते. एक खिडकी आहे, तिच्यातून समोरच्या गोदामाची भिंत दिसते. पलंग, टेबल, खुर्ची, कोपऱ्यात शेगडी. न्हाणी बाहेर, सामायिक. नळाला सकाळी पाणी जोरात येतं आणि मग दिवसभर रुसून बसतं, त्याची आणि तुझी ओळख करून द्यायला हवी. ऐष शोधायला कोणी आलं तर त्याला पलंगाखालीसुद्धा सापडायची नाही.

आता तक्रार. 'मूळ शब्द अरबी' असं म्हणालीस आणि पुढचं गिळून टाकलंस. अरबीत अर्थ काय होता? शंका अर्थाची आणि उगमाची, दोन्हींची होती. एकतीस वर्षं मी हॉटेलाच्या लिननरूममध्ये, चादरी-टॉवेलांत काढली, त्यातली शेवटची बारा मुख्य म्हणून. हाताखालच्या मुलीने अर्धी इस्त्री केलेली चादर आणून ठेवली, तर मी काही न बोलता परत तिच्या टेबलावर ठेवायचे.

परत ठेवते आहे.

आई


शुक्रवार, २१ फेब्रुवारी
(कार्ड)

महोदया,
पूर्तता पुढीलप्रमाणे. अरबीत मूळ अर्थ : जगणे, जीवन, उपजीविका. काही ठिकाणी बोलण्यात रोजच्या भाकरीलाही हाच शब्द आहे. जगणे, मग सुखाने जगणे, मग नुसते सुख, असा अर्थ सरकत गेलेला दिसतो. मराठीत येईपर्यंत तो दुसऱ्याच्या डोळ्यांत खुपणारे सुख असा झाला.
शंकानिरसन विभाग


मंगळवार, २५ फेब्रुवारी

मने,

पुरे झालं महोदया.

कार्ड वाचून मी खूश झाले आणि लगेच नाराजही झाले. खूश अशासाठी, की जगणं, भाकरी आणि ऐष हे कधीकाळी एकच होतं, हे ऐकून कोणाला बरं वाटणार नाही? फ्रेमवाल्या बाई तर म्हणाल्या, "द्या, चौकट करून देते, वर लावा. पोरीला म्हणावं, बघ, तूच लिहून दिलंस." मी दिलं नाही. तू जिन्यात अरबी बोलत नव्हतीस. मराठीत बोलत होतीस आणि मला लागावं म्हणूनच बोलत होतीस. शब्दाच्या पणजोबाला साक्षीला आणून मी तुझ्याशी भांडण जिंकणार नाही.

आणि नाराज अशासाठी, की ते 'डोळ्यांत खुपणारे सुख' कोशातलं वाटत नाही. ते तुझं आहे. मी सुखात आहे हे तुझ्या डोळ्यांत खुपलं, हो ना?

तर आता माझ्या बाजूचं सांगते. तुला हॉटेलातल्या गोष्टी आवडायच्या. संगमरवरी टब, चांदीची किटली, उशीवर ठेवलेलं चॉकलेट. लहानपणी तू मला विचारायचीस, "तिथली सगळ्यात भारी गोष्ट कुठली गं?" आणि मी दर वेळी काहीतरी वेगळं सांगायचे. खरं कधी सांगितलं नाही, कारण ते ऐकून तुला मजा आली नसती. सगळ्यात भारी गोष्ट होती दाराच्या मुठीला अडकवायची पुठ्ठ्याची पाटी. 'कृपया व्यत्यय आणू नये.' मी हातावर चादरींची चळत घेऊन दारापर्यंत जायची, पाटी दिसली की परत फिरायची. आत काय चाललंय, का नको आहे, कधीपर्यंत, कोणी विचारायचं नाही. मॅनेजरसुद्धा नाही. पाहुणा आत रडत असेल, लोळत असेल, नुसता छताकडे बघत असेल. त्याचं तो बघेल.

मी एकोणिसाव्या वर्षी लग्न करून आले. आधी सासूबाई होत्या, मग तू झालीस, मग हॉटेल, मग हॉटेल आणि तुझी शाळा, आणि शेवटी तुझ्या बाबांचं आजारपण. मी कशालाच नावं ठेवत नाही. तुझे बाबा मला फार आवडायचे, शेवटच्या वर्षात ते मला ओळखायचे नाहीत तेव्हाही आवडायचे. पण या सगळ्यात असा एक दिवस आठवत नाही, की मी आत आहे, दार लावलंय आणि बाहेरून कोणी "अगं" म्हणून हाक मारली नाही.

तुझ्या घरी मला काही कमी नव्हतं. तू कामावरून धावत यायचीस. आई, खाल्लंस का? आई, झोप झाली का? दुपारी काय केलंस? मी म्हणायची, काही नाही. तुझा चेहरा पडायचा. दुसऱ्या दिवशी तू माझ्यासाठी लोकर आणलीस, तिसऱ्या दिवशी कोड्यांचं पुस्तक.

हे पत्र मी आधी वेगळं लिहिलं होतं. त्यात लिहिलं होतं, की मी तुझ्या भल्यासाठी गेले, तू मोकळी व्हावीस म्हणून. छान जमलं होतं, वाचून तू रडली असतीस. मग फाडून टाकलं. खोटं होतं ते. मी गेले कारण मला जायचं होतं. मला ही खोली हवी होती. मी परत राहायला येणार नाही, मने. आणि तू बोलत नाहीस हे मला अजिबात सहन होत नाही. दोन्ही खरं आहे, आणि याचं काय करायचं ते मला कळत नाही.

आई


रविवार, २ मार्च

मने,

अक्षर बघून घाबरू नकोस, हे फ्रेमवाल्या बाई लिहून देत आहेत. माझ्या हाताला थोडं लागलं आहे. जिन्यात पाय घसरला. बाकी मी उत्तम आहे.

(ताई, हे पुढचं त्या सांगत नाहीत, मी माझं लिहिते. जिना-बिना काही नाही. मनगटाचं हाड मोडलंय, प्लास्टर घातलंय.)

बाई काहीतरी आपलं आपलं लिहीत आहेत. त्यांना म्हटलं, काय लिहिता ते वाचून दाखवा, तर म्हणतात, पत्ता लिहिते आहे. एवढा लांब पत्ता तुझा नाही. असो. इकडे हवा चांगली आहे. समोरच्या गोदामाच्या भिंतीला रंग देत आहेत, पिवळा. खिडकीत बसून बघायला गंमत वाटते, रंगारी दोघं सारखे भांडतात आणि एकमेकांची शिडी धरतात.

(गादी उलटायला गेल्या होत्या. हॉटेलात म्हणे दर तीन महिन्यांनी गादी उलटायची पद्धत असते, दोघींनी मिळून. एक इकडून उचलून ढकलते आणि "घे" म्हणते, दुसरी तिकडून धरते. एकतीस वर्षं तसंच केलं. परवा यांनी एकटीनेच गादी उभी केली, "घे" म्हणाल्या आणि दिली सोडून! मी खाली काच कापत होते, मला शब्द स्वच्छ ऐकू आला. मला वाटलं कोणी आलंय. मग धप्प. वर गेले तर या भिंतीला टेकून बसलेल्या, हात धरून हसत होत्या. म्हणाल्या, "बघा हो, किती मूर्ख मी." हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मग नुसतंच पाणी. चौकशी करायची नाही असं आमचं ठरलंय. पण ताई, तुम्हाला कळवायला नको का?)

डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात हात पहिल्यासारखा. तू येण्याची काही गरज नाही. हे मी मनापासून सांगते आहे.

तुझी आई

(मनापासून सांगतात हे खरं आहे. पण तुमचं कार्ड आलं की नाही ते बघायला दिवसातून तीनदा खाली येतात हेही खरं आहे.)


गुरुवार, ६ मार्च
(कार्ड)

आई,
उजवा की डावा? रविवारी येते.


मंगळवार, ११ मार्च

मने,

उजवा होता, ते आता तू पाहिलंसच. हे पत्र डाव्या हाताने लिहिते आहे, दोन दिवस लागले. बाईंना सांगता आलं असतं, पण हे मधल्या माणसाकडून कळवण्यासारखं नाही.

तू आलीस, मला फार आनंद झाला. पिशवीभर मलमं, पट्ट्या, गरम पाण्याची रबरी पिशवी, सगळं बघून मी घाबरले हेही लपवत नाही. मला वाटलं, आता मला उचलून नेणार. पण तू काही बाहेर काढलं नाहीस. दारात उभी राहून खोली बघितलीस, खिडकीशी गेलीस, ओल्या पिवळ्या भिंतीकडे कितीतरी वेळ बघत राहिलीस. मग म्हणालीस, "इथे काय करतेस तू दिवसभर?"

मी म्हटलं, "काही नाही."

या वेळी तुझा चेहरा पडला नाही. तू पलंगाच्या कडेवर बसलीस आणि विचारलंस, "माझं काय चुकलं?"

"काही चुकलं नाही. तू मला हवी होतीस. ते विचारणं नको होतं. खाल्लंस का, झोपलीस का."

"तेवढंच येतं मला," तू म्हणालीस. "बाबांचं करता करता दुसरं काही येईनासंच झालंय. शनिवार आला की आपोआप पिशवी भरते. मग आठवतं, जायचं कुठे? तू होतीस म्हणून बरं होतं. तू गेलीस आणि मी परत भरलेल्या पिशवीशी बसले."

हे मला माहीत नव्हतं, मने. मला वाटत होतं, तुला माझी काळजी आहे. तुला शनिवारांची भीती वाटते, हे माझ्या लक्षातच आलं नाही. तू रडत होतीस आणि मी तुझ्या पाठीवरून डावा हात फिरवत होते, उलटा सुलटा, जमत नव्हतं, आणि तू मधेच म्हणालीस, "गादी झटकल्यासारखं काय करतेस?" मग आपण दोघी हसलो. चहा केला. तू फ्रेमवाल्या बाईंशी बोलून आलीस, काय बोललात ते दोघींनीही सांगितलं नाही.

निघताना तू दारात थांबून विचारलंस, "पुढच्या रविवारी येऊ?" आजवर तू मला येते म्हणून सांगत आलीस, येऊ का असं कधी विचारलं नव्हतंस. मी इतकी हरखले की हो म्हणाले.

तो हो खरा नव्हता. त्यासाठी हे पत्र.

पुढच्या रविवारी मला कोणी नको आहे. तूसुद्धा नको. मला काही काम नाही, कुठे जायचं नाही, हात दुखत नाही. नुसतं नको आहे. हे लिहायची भीती वाटते आहे. आत्ताच कुठे तू बोलायला लागलीस. हे वाचून परत गप्प झालीस तर मी तुझ्या ऑफिसला कोणता शब्द विचारणार? आणि तू परवा शनिवारांचं जे सांगितलंस, त्यानंतर कुठल्या आईने असं लिहावं? सगळं कळतं. पण आता भीतीने हो म्हटलं तर दर रविवारी म्हणावं लागेल. मग एखाद्या रविवारी मी तुझ्यावर उगीच चिडेन, चहा कडू झाला म्हणेन, आणि खरं कारण सांगणार नाही. तसं मी सासूबाईंशी वागले, थोडं तुझ्या बाबांशीही वागले. तुझ्याशी तसं वागायचं नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी ये. तेवीस तारखेला. त्या दिवशी मला तू हवी आहेस, सकाळपासून हवी आहेस.

आई


सोमवार, १७ मार्च
(कार्ड)

आई,
पत्र शुक्रवारी मिळालं. राग आला. एक कार्ड लिहून फाडलं, तुझ्यासारखंच.

शनिवारी संध्याकाळी पिशवी भरलेली होती, कधी भरली कळलं नाही. रिकामी करून खुंटीला लावली. रविवारी पहाटे बसच्या वेळेला जाग आली, पांघरूण डोक्यावर ओढून परत झोपले. उठले तेव्हा दुपार होत आली होती. बाबा आजारी पडल्यापासून इतकं झोपले नव्हते.

तेवीसला सकाळच्या बसने येते. उठल्यावर दिवसभर काय केलं ते विचारू नकोस, सांगणार नाही.

मनी